१८७३ : एक अर्पणपत्रिका आणि एक निकाल



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी आयुष्यभर इतिहास शिकवत आले. घटना कुठे घडली, कुणाच्या हातून घडली आणि कुणाच्या अंगावर आली, हे तीन प्रश्न ते प्रत्येक धड्याला विचारत असत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. आज तेच तीन प्रश्न अमेरिकेच्या इतिहासातल्या एका वर्षाला विचारावेत असा माझा विचार आहे. ते वर्ष १८७३.

त्या वर्षी जोतीराव फुल्यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले. जोतीराव आणि धोंडीराव यांचा तो संवाद आपण वाचला आहे, त्यावर पुष्कळ बोललोही आहोत. अर्पणपत्रिकेवरून मात्र आपण घाईने पुढे जातो. अमेरिकेतल्या ज्या भल्या लोकांनी निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी निःस्वार्थपणे झीज सोसली, त्यांना जोतीरावांनी ते पुस्तक अर्पण केले आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा व्यक्त केली. पुण्यात बसून एका माणसाने अर्ध्या जगापलीकडची घटना आपली मानली, ही मोठीच गोष्ट होती.

त्याच वर्षी, १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियाना राज्यातल्या कोलफॅक्स या गावी नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांची कत्तल झाली. मेले ते किती, याचे आकडे साठपासून दीडशेपर्यंत जातात. आणि दुसऱ्याच दिवशी, १४ एप्रिलला, वॉशिंग्टनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी एक निकाल दिला. खटला न्यू ऑर्लिन्सच्या खाटकांचा होता, एका कत्तलखान्याच्या मक्तेदारीचा. पण त्या निकालाने चौदाव्या घटनादुरुस्तीतला नागरिकांच्या हक्कांचा सर्वांत भरीव भाग जवळजवळ रिकामा करून टाकला. अमेरिकेत माणसे मुक्त कशी झाली हे आपल्याला शिकवले जाते. मुक्त झालेल्यांच्या हातून ती मुक्ती कशी काढून घेतली गेली, हे फारसे शिकवले जात नाही. मी त्याबद्दल बोलणार आहे.

थोडे मागे जावे लागेल. १६१९ च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर वीसेक आफ्रिकी माणसे उतरवली गेली आणि विकली गेली, ही घटना सर्वांना ठाऊक असते. मला त्याहून बोलकी वाटते ती एलिझाबेथ की हिची हकीकत. तिची आई आफ्रिकी गुलाम, बाप इंग्रज, वसाहतीच्या विधिमंडळाचा सभासद. मूल बापाच्या दर्जाचे, हा इंग्लंडचा जुना कायदा. त्या आधारावर एलिझाबेथने स्वातंत्र्यासाठी दावा लावला आणि १६५६ साली ती जिंकली. मळेवाल्यांना धोका कळला. १६६२ साली व्हर्जिनियाने नवा कायदा केला की मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. शेकडो वर्षांची रीत एका ठरावाने उलटी झाली. आता मालकाने गुलाम स्त्रीवर बळजबरी केली तर त्यातून त्याची मालमत्ताच वाढणार होती. पुढे १६६७ साली, बाप्तिस्मा घेतला म्हणून गुलाम मोकळा होत नाही, असेही ठरवून टाकले. वंशभेद हा माणसाच्या मनात आपोआप उगवतो असे ज्यांना वाटते त्यांनी हे दोन कायदे जवळ ठेवून वाचावेत. तो पायरीपायरीने, गरज पडेल तसा घडवला गेला.

१७८७ च्या राज्यघटनेत 'गुलाम' हा शब्द शोधून सापडत नाही. आडवळणाने मात्र सगळे आहे: लोकसंख्या मोजताना गुलाम म्हणजे तीनपंचमांश माणूस, पळालेला गुलाम मालकाला परत करण्याची सक्ती, आणि गुलामांच्या आयातीला १८०८ पर्यंत हात न लावण्याची हमी. 'गुलामी' हा शब्द राज्यघटनेत पहिल्यांदा उमटला तो १८६५ साली, तेराव्या दुरुस्तीने गुलामी रद्द झाली तेव्हा. तोवर गुलामांची संख्या चाळीस लाखांच्या घरात गेली होती. मिसिसिपी आणि साउथ कॅरोलायना या दोन राज्यांत तर निम्म्याहून अधिक माणसे दुसऱ्याच्या मालकीची होती.

ही माणसे कुणी तरी येऊन सोडवली, असे चित्र मनातून काढून टाकायला हवे. फुल्यांनी ज्या भल्या लोकांना वंदन केले ते होतेच, त्यांचे ऋण खरेच आहे. पण अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण भागांतले यादवी युद्ध सुरू होताच गुलाम मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांकडे चालू लागले, आणि पुढे सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या फौजेत लढले. रॉबर्ट स्मॉल्स हा तेवीस वर्षांचा गुलाम चार्ल्सटनच्या बंदरात 'प्लँटर' नावाच्या लष्करी आगबोटीवर सुकाणू धरायचा. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर असताना त्याने बोट सोडली, बायकामुलांना वाटेत चढवून घेतले, कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घातली, आणि फोर्ट सम्टरच्या तोफांसमोरून जाताना शिट्टीचे ठरलेले इशारे बिनचूक देत तो बाहेर पडला. उत्तरेच्या आरमारापुढे पोचल्यावर पांढरी चादर फडकवली. पुढे ज्या मालकाच्या घरी तो जन्मला ते ब्यूफर्टचे घर त्याने विकत घेतले. १८६८ साली साउथ कॅरोलायनाची नवी घटना लिहायला १२४ प्रतिनिधी बसले, त्यांत ७६ कृष्णवर्णीय होते, आणि स्मॉल्स त्यांतला एक. सर्व मुलांसाठी मोफत शाळा हवी हा आग्रह त्याने तिथे धरला. गुलामाला वाचायला शिकवणे हाच जिथे गुन्हा होता, त्या राज्याच्या घटनेत सार्वजनिक शिक्षण आले ते असे.

हा सगळा काळ इतिहासात 'पुनर्रचना' म्हणून ओळखला जातो: १८६५ ते १८७७, जेमतेम बारा वर्षे. या बारा वर्षांत दक्षिणेत दोनेक हजार कृष्णवर्णीय लहानमोठ्या सार्वजनिक पदांवर होते. १८७० साली मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स सेनेटमध्ये बसले. चौदाव्या दुरुस्तीने देशात जन्मलेल्या प्रत्येकाला नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण दिले, पंधराव्या दुरुस्तीने मतदानाचा हक्क रंगावरून नाकारायला बंदी केली.

मग चुकले कुठे? माझ्या मते पहिला घाव जमिनीच्या प्रश्नावर बसला.

१२ जानेवारी १८६५ रोजी जॉर्जियातल्या सॅव्हाना शहरात एक विलक्षण बैठक झाली. एका बाजूला उत्तरेचे सेनापती शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन, दुसऱ्या बाजूला वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशक. त्यांच्या वतीने बोलत होते गॅरिसन फ्रेझियर, वय सदुसष्ट. आठ वर्षांपूर्वी एक हजार डॉलर सोन्याचांदीत मोजून त्यांनी स्वतःला आणि पत्नीला विकत घेतले होते. मंत्र्याने विचारले, तुमच्या लेखी गुलामी म्हणजे काय? फ्रेझियर म्हणाले, दुसऱ्याची मेहनत त्याच्या संमतीवाचून बळाने घेणे. तुम्ही स्वतःचे पोट कसे भराल? उत्तर आले की आम्हाला जमीन मिळावी, आमच्या श्रमाने आम्ही ती कसू, पुढे पैसे साठवून ती विकतही घेऊ. शर्मनविषयी तुमचे मत काय हे विचारताना स्टँटनने शर्मनला खोलीबाहेर जायला सांगितले. राजसत्तेने काल-परवापर्यंत वस्तू समजल्या गेलेल्या माणसांना बसवून घेऊन, तुम्हाला काय हवे, असे विचारल्याचे असे प्रसंग इतिहासात फार थोडे आहेत. त्या बैठकीचा वृत्तान्त शब्दशः उपलब्ध आहे. तो मी अनेकदा वाचतो आणि प्रत्येक वेळी त्या वृद्ध माणसाच्या उत्तरांतली स्वच्छता पाहून थक्क होतो.

चार दिवसांनी शर्मनने हुकूम काढला. चार्ल्सटनपासून दक्षिणेकडची बेटे आणि किनाऱ्यालगतची तीस मैलांची पट्टी मुक्त झालेल्यांसाठी राखून ठेवली, दर कुटुंबाला चाळीस एकरांपर्यंत. जूनपर्यंत सुमारे चाळीस हजार माणसे तिथे वसली होती आणि पेरणीही झाली होती. मधे एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन मारले गेले. त्यांचे शेवटचे सार्वजनिक भाषण ११ एप्रिलचे. त्यात त्यांनी लुइझियानातल्या काही कृष्णवर्णीयांना, निदान शिकलेल्यांना आणि सैन्यात लढलेल्यांना, मताचा अधिकार मिळावा असे सुचवले. ते ऐकणाऱ्या गर्दीत जॉन विल्क्स बूथ उभा होता. तीन दिवसांनी त्याने गोळी झाडली.

नवे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोर मळेवाल्यांना माफी दिली आणि माफीबरोबर जमीनही. ऑक्टोबरमध्ये जनरल हॉवर्ड एडिस्टो बेटावर गेले. मुक्त झालेल्यांसाठी नेमलेल्या सरकारी खात्याचे हे प्रमुख, याच युद्धात उजवा हात गमावलेले. चर्चमध्ये दोन हजारांच्या वर माणसे जमली होती. जमीन जुन्या मालकांना परत जाणार, हे त्यांनाच सांगायचे होते. गोंधळ उठला, तो थांबेना. मग एका बाईने दुःखाचे एक भजन सुरू केले आणि सारे तिच्यामागे गाऊ लागले. नंतर बेटावरच्या तिघांच्या समितीने अर्ज लिहिला. मालकांना क्षमा करा असे तुम्ही म्हणता. ज्याने मला झाडाला बांधून एकोणचाळीस फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला मारले, आणि मला जमीन मिळू नये म्हणून जो इतरांशी संगनमत करतो, त्याला मी कशी क्षमा करू, असा त्या अर्जाचा आशय. वॉशिंग्टनने ऐकले नाही.

सरकारला फुकट जमीन देणे मुळातच मान्य नव्हते, असे कुणी म्हणेल. तसे मुळीच नाही. १८६२ च्याच कायद्याने पश्चिमेकडे जाणाऱ्या वसाहतकऱ्याला १६० एकर जवळजवळ फुकट मिळत होते, आणि ती जमीन तिथल्या मूळ रहिवाशांची होती. रेल्वे कंपन्यांना तर कोट्यवधी एकर दिले गेले. ज्यांनी दोनशे वर्षे राबून दक्षिणेची जमीन कसली त्यांच्यापुरता मात्र जुन्या मालकांचा मालमत्तेचा हक्क पवित्र ठरला.

मिसिसिपीने १८६५ च्या नोव्हेंबरात पुढची पायरी गाठली. कृष्णवर्णीयाने शहराबाहेर जमीन खंडानेही घ्यायची नाही, आणि दर जानेवारीत नोकरीचा लेखी पुरावा दाखवायचा. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, असे कायदे मोडून काढले, पण जमीन नसलेल्या माणसापुढे वाट उरली ती बटाईची. हा व्यवहार कसा चाले ते सांगतो, कारण आपल्या खेड्यांतल्या माणसाला तो समजावून द्यावा लागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुकानदार बियाणे, मक्याचे पीठ, खारवलेले डुकराचे मांस, कापड उधारीवर देई. उधारीचा भाव रोखीच्या भावाहून चढा, वर व्याज. तारण म्हणून शेतात उभे राहणारे पीक. पीक कापसाचेच हवे, कारण पैसा त्यातच. डिसेंबरात वजनकाटा मालकाचा, वही मालकाची किंवा दुकानदाराची. हिशेब झाला की बाकी निघे आणि ती पुढल्या सालावर चढे. वाचता न येणाऱ्याने आकडा मानायचा. आणि वाचता येणाऱ्याने आकड्यावर बोट ठेवले तर रात्री मुखवटे घातलेले घोडेस्वार दारात येत.

याच कापसाचा एक धागा आपल्याकडे येतो. युद्धात अमेरिकेचा कापूस अडला तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरांचा सट्टा पेटला. १८६५ साली युद्ध संपले आणि सगळे कोसळले. दख्खनच्या शेतकऱ्याने तेजीत काढलेले कर्ज मात्र राहिले. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे आणि वह्या जाळल्या, त्या उठावाच्या अनेक कारणांतले हे एक. लुइझियानाचा बटाईदार आणि सुप्याचा कुणबी यांना एकमेकांची खबर नव्हती, पण दोघांच्या मानेवर एकाच बाजाराचा भाव होता.

आता कोलफॅक्स. ग्रँट पॅरिश हा जिल्हा १८६९ साली नव्याने काढलेला. नाव राष्ट्राध्यक्षांचे, आणि मुख्य गावाला उपराष्ट्राध्यक्ष कोलफॅक्स यांचे. कोर्टाची इमारत म्हणजे कॅल्हून घराण्याच्या मळ्यावरचा जुना तबेला. १८७२ ची राज्यपालपदाची निवडणूक दोन्ही पक्षांनी आपण जिंकल्याचे सांगितले आणि जिल्ह्यात दोन दोन अधिकारी झाले. आपण निवडून दिलेले सरकार हुसकावले जाईल या भीतीने कृष्णवर्णीयांनी कोर्टाभोवती खंदक खणले, बायकामुलांसह तिथे ठाण मांडले. त्यांच्याकडे शिकारीच्या बंदुका होत्या. ईस्टरच्या दुपारी दीडशेच्या आसपास सशस्त्र गोरे आले, बरोबर बोटीवरची एक लहान तोफ. त्यांनी छपराला आग लावली, आणि ती लावायला पकडलेल्या एका कृष्णवर्णीयालाच पुढे केले. जे बाहेर आले त्यांतले कित्येक तिथेच मारले गेले. काहींना कैद केले. रात्री या कैद्यांना ओळीने बाहेर नेऊन गोळ्या घातल्या. गोऱ्यांपैकी तिघे मेले. लेव्ही नेल्सन हा कैदी गोळी लागूनही मेल्यासारखा पडून राहिला, वाचला, आणि पुढे न्यायालयात उभा राहून त्याने साक्ष दिली. त्या काळात, त्या राज्यात, मारणाऱ्यांच्या तोंडावर ही साक्ष द्यायला काय छाती लागली असेल, याची मला कल्पना करवत नाही.

नव्वदांहून अधिक जणांवर आरोप ठेवले गेले, नऊ जण खटल्याला उभे राहिले, तिघे दोषी ठरले. तेही खुनासाठी नव्हे. खुनाचा खटला राज्याच्या न्यायालयात चालवावा लागला असता आणि तिथे न्याय मिळणार नव्हता. म्हणून केंद्राच्या वकिलांनी नागरिकांचे हक्क हिरावण्याचा कट हा आरोप लावला. २७ मार्च १८७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही सोडले. सरन्यायाधीश वेट यांचे म्हणणे असे: चौदावी दुरुस्ती राज्यसरकारला बांधते, खासगी माणसांना नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याचा जीव घेतला तर दाद राज्याकडे मागावी. आणि राज्य कुणाच्या हाती होते, हे सर्वांना ठाऊक होते.

या ठिकाणी एका माणसाचे नाव घेतो, कारण अमेरिकेच्या त्या दशकाची दिशा त्याच्या चार कृतींत दिसते. न्यायमूर्ती जोसेफ ब्रॅडली. खाटकांच्या खटल्यात चौदाव्या दुरुस्तीचा अर्थ व्यापक घ्यावा असे बजावून त्यांनी अल्पमताचे निकालपत्र लिहिले होते. वर्षभराने कोलफॅक्सचा खटला खाली चालू असताना त्याच दुरुस्तीचा अर्थ त्यांना अरुंद वाटू लागला आणि आरोपींच्या सुटकेचा मार्ग त्यांच्या मतानेच उघडला. १८७७ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचा वाद पंधरा जणांच्या आयोगाकडे गेला तेव्हा आठ विरुद्ध सात अशा निकालात आठवे मत त्यांचेच. हेज राष्ट्राध्यक्ष झाले, आणि दक्षिणेतल्या विधानभवनांचा पहारा करणारे सैन्य एप्रिलमध्ये बराकीत गेले. १८७५ साली काँग्रेसने हॉटेले, आगगाड्या, नाट्यगृहे सर्वांना खुली करणारा कायदा केला होता. १८८३ मध्ये तो रद्द करणारे निकालपत्रही ब्रॅडलींनीच लिहिले. कायद्याचा खास लाडका राहण्याचे दिवस माणसाने कधीतरी मागे टाकावेत, असा शेराही त्यांनी त्यात मारला. गुलामी संपून तेव्हा अठरा वर्षे झाली होती. विरोधी मत दिले एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी, केंटकीच्या गुलाममालक कुटुंबातल्या माणसाने.

पुनर्रचना 'फसली' असे पुढची ऐंशी वर्षे अमेरिकेच्या पाठ्यपुस्तकांत लिहिले जात होते. अडाणी माणसांच्या हाती राज्य दिले की असे होते, हा त्यामागचा भाव. १९३५ साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी मोठा ग्रंथ लिहून हे खोडून काढले, पण सरकारी समजुतीला त्याचा धक्का बसला नाही. कोलफॅक्समध्ये १९५० च्या सुमारास राज्याने पाटी लावली. या 'दंगली'मुळे दक्षिणेतला गैरकारभार संपला, असे ती सांगत होती. २०२१ पर्यंत ती तिथेच होती. माझ्या मते 'फसली' हा शब्द सरळ खोटा आहे. शाळा चालल्या, निवडणुका झाल्या, माणसांनी कर भरले, ज्यूरीत बसले. ते सारे बंदुकीने आणि निकालपत्रांनी पाडले गेले. लुइझियानात १८९६ साली नोंदलेले कृष्णवर्णीय मतदार १,३०,३३४ होते. १८९८ च्या नव्या राज्यघटनेने साक्षरतेची आणि मालमत्तेची अट घातली आणि ज्याचा बाप किंवा आजा १८६७ पूर्वी मतदार होता त्याला तीतून वगळले. १९०४ साली मतदार उरले १,३४२.

जोतीरावांना कोलफॅक्सची बातमी कळली असेल असे मला वाटत नाही. पण मुक्तीची घोषणा झाली की काम संपले, असे त्यांनी कधीच मानले नाही. शाळा आधीच काढल्या होत्या. १८७३ च्याच सप्टेंबरात सत्यशोधक समाज उभा केला. हक्काला रोजच्या जगण्यात जागा करून देणारी माणसे आणि संस्था लागतात, हे त्यांना कुणाकडून शिकावे लागले नाही.

आणि अमेरिकेचा तो इतिहास बारकाईने वाचलेला माणूस पुढे आपल्याकडे झाला. १९१३ ते १९१६ डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात होते. १९४६ साली त्यांनी डू बॉइस यांना पत्रही लिहिले. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी भावी घटनेसाठी कलमे सुचवली आणि प्रत्येक कलमाचा आधार दिला. सार्वजनिक ठिकाणी समान वागणुकीच्या कलमाखाली आधार म्हणून दोन अमेरिकी कायदे आहेत: १८६६ चा आणि १ मार्च १८७५ चा. यातला दुसरा म्हणजे ब्रॅडलींनी रद्द केलेलाच. भारतीय राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, रस्ते यांची नावे घेऊन कुणालाही तिथे अडवायला मनाई आहे, आणि सतराव्या कलमाने अस्पृश्यता पाळणे हाच गुन्हा ठरवला. दोन्ही कलमे सरकारला जशी लागू आहेत तशी शेजाऱ्यालाही. कोलफॅक्सच्या निकालाने जी फट ठेवली होती ती इथे बुजवलेली आहे. अमेरिकेत हॉटेलांची दारे कायद्याने उघडली ती १९६४ साली, आणि १८८३ चा निकाल अजून उभा असल्यामुळे काँग्रेसला त्या कायद्यासाठी राज्याराज्यांतल्या व्यापारावरच्या आपल्या अधिकाराचा आधार घ्यावा लागला.